जोडे भिंतीबाहेर

ताना सरोवराच्या पूर्वेला दोन तास चाललो.
टेफची कापणी झालेली रानं, शेणकुटांचा धूर,
सावली एकच, माझी, तीही पायाखाली.
मग टेकडीवर एकदम हिरवं,
तासलेल्या डोक्यावर राखलेल्या शेंडीसारखं.

कमरेएवढी दगडांची भिंत. तिच्या पायथ्याशी वीस-पंचवीस जोडे :
रबरी, शिवलेले, एक तर टायर कापून केलेला.
मी म्हटलं, चर्च तर अजून दिसतही नाही.
बिरुक हसला. अकरा वर्षांचा, खांद्यावर मेंढीचं कातडं,
स्तोत्रं घोकायला घर सोडून आलेला.
"झाडं लागली की आत आलात."

जोडे काढले.
जंगल आधी तळव्यांना कळलं :
गार, भुसभुशीत, मधेच टोचणारं.
मुंग्यांची रांग ओलांडताना
पाऊल क्षणभर अधांतरी राहिलं,
आणि तेवढ्यात लक्षात आलं,
कितीतरी दिवसांत मी पाऊल असं विचारून टाकलंच नव्हतं.

माझ्या वहीत झाडांची यादी, प्रत्येकापुढे चौकोन.
बिरुक नावं कमी सांगे, नाती जास्त :
याच्या लाकडाचा दरवाजा.
याच्या फुलांनी पोटातले जंत पडतात.
याची काजळी शाईत.
आणि याच्याखाली मी रडलो, आलो त्या रात्री, आईसाठी.
त्याला माझ्याकडे चौकोन नव्हता.

फांदीवर कुणी पांढरी शाल पांघरून बसलंय वाटलं,
तर गुरेझा माकड. काळंभोर, पाठीवरून झालर सोडलेली,
पानं चघळत आमच्याकडे बघतंय
कीर्तनाला उशिरा आलेल्यांकडे बघावं तसं.
"हे आमच्यापेक्षा कडक उपास करतात," बिरुक म्हणाला,
"आम्ही बुधवारी-शुक्रवारी मांस सोडतो. हे कायमचं."

मग गोल चर्च, पत्र्याच्या छपराचं.
अब्बा झेमिकाएल यांनी फडकं सोडून पोथी काढली, बकऱ्याच्या कातड्याची.
किती जुनी?
"माझे गुरू म्हातारे होते तेव्हाही ही म्हातारीच होती."
समासात कुणीतरी पक्षी काढलेला : हिरवं अंग, पंख लाल.
लाल तेवढा टिकलाय, हिरवा विटलाय.
मी वाकून बघतोय तोवर
वर घोगरं काहीतरी खाकरलं, फांदी हलली,
आणि तोच लाल पंख उघडून
एका झाडावरून दुसऱ्यावर गेला.
"सोरीत," अब्बा म्हणाले. मान वर न करता.

ही भिंत केव्हाची, मी विचारलं.
"मी बिरुकएवढा होतो तेव्हा नव्हती."
पोथी पुन्हा गुंडाळली, गाठ मारली, गाठ तपासली.
"लागत नव्हती."

भिंतीपलीकडे येशिमेबेतचं शेत.
नांगराच्या सरळ रेघा एका जागी वाकलेल्या,
ओढ्यानं दगडाला वळसा घालावा तशा.
मधे रानऑलिव्हचं रोप, गुडघ्याएवढं, काट्याकुट्यांनी वेढलेलं.
कुणी लावलं?
तिनं वर बोट दाखवलं. आधी मला वाटलं, देवाकडे.
बोट फांदीवर होतं.
"बैल कुरकुरतात वळताना," ती म्हणाली. "मीही कुरकुरते.
पुढल्या वर्षी भिंतच इकडे घेणार आहेत, हातभर.
दगड माझ्याच शेतातले."
हे ती हसून म्हणाली की कसं, मला नीट कळलं नाही.

निघताना बघतो तर माझ्या डाव्या जोड्यात
जांभळी शिट, ताजी,
आणि तिच्यात एक टणक आठळी.
पुसायला पान उचललं
तसा बिरुक केवढ्यानं ओरडला.
दोन्ही हातांनी जोडा धरून, काही सांडू न देता,
तो भिंतीवरून पलीकडे उतरला,
रोपापासून नऊ पावलं मोजली,
जोडा उपडा केला, टाचेनं माती लोटली.

मग परत आणून दिला.
आत ओलं होतं.
तसाच घातला.